लेन्सबरोबर आलेलं वऱ्हाड

महागाची वस्तू घरात एकटी कधीच येत नाही. फ्रिज आला की त्याच्या मागोमाग स्टॅबिलायझर येतो, स्कूटर आली की सीट कव्हर आणि हेल्मेट येतं. आणि कॅमेऱ्याची चांगली लेन्स घरात आली, की अख्खं वऱ्हाडच येतं! पुढचं झाकण, मागचं झाकण, उन्हाची झापड म्हणजे हूड, फिल्टर, पाऊच, पुसायचं कापड, ट्रायपॉडवर बसवायची कडी. नवरी एक आणि मानपान मागणारे पंधरा. बरं, दुकानदार प्रत्येकाचा मानपान सांगतो तो नवरीच्या तोलामोलाचा. "मॅडम, एवढ्या महागाची लेन्स घेतलीत, आता हजार-दोन हजारांकडे काय बघता?"

मैत्रिणींनो, इथेच तर बघायचं असतं.

तुम्ही म्हणाल, हा विषय आपल्या पुरवणीत कशाला? कॅमेरा, लेन्स ही पुरुषांची खेळणी. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मीही कदाचित हेच म्हटलं असतं. पण आता आमच्या चौल-रेवदंड्याकडे येऊन बघा. रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटाशी, किनाऱ्यावरच्या सुरूंच्या बनात लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी येतात. दत्ताच्या डोंगराखाली दत्तजयंतीला पाच दिवसांची यात्रा भरते, तेव्हा गळ्यात मोठाले कॅमेरे अडकवलेली मंडळी दिसतात आणि त्यांत मुलीही असतात. डोहाळजेवण, बारसं, तान्ह्या बाळाचे फोटो अशा कामांना तर घरातल्या बायका आवर्जून म्हणतात, "फोटो काढायला एखादी मुलगीच मिळाली तर बरं बाई." हा नवा रोजगार आहे, आणि तो गावात राहून करता येतो.

आमच्या वाडीतल्याच एका मुलीची गोष्ट घ्या. चार वर्षं ती लग्नाच्या फोटोग्राफरच्या हाताखाली राबली. मग बचत गटाचं कर्ज, थोडी साठवण आणि आईच्या दोन बांगड्या मिळून तिनं लाखाच्या वरची एक लेन्स घेतली. नारळ-सुपारीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात लाख रुपये म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. लेन्स घेऊन ती घरी आली आणि पंधरा दिवस तिनं ती पेटीतून बाहेरच काढली नाही. का? तर म्हणे, "काकू, अजून फिल्टर नाही, हूड नाही. ओरिजिनल घ्यायचे तर आणखी दहा-बारा हजार लागतील. आणि स्वस्तातलं लावलं तर लेन्सचं वाटोळं होईल असं सगळे सांगतात."

या "सगळे सांगतात"मध्ये दोन जातीची माणसं असतात. एक म्हणणारे, "कंपनीचंच घे. बाकी सगळा कचरा." दुसरे म्हणणारे, "अगं, प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक नि काच ती काच. नावाचे पैसे घेतात ते." दोघंही छातीठोक बोलतात आणि गंमत म्हणजे दोघंही अर्धं बरोबर असतात. माझं मत विचाराल तर या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही कॅमेरावाल्यापेक्षा आपल्या स्वयंपाकघराला जास्त चांगलं माहीत आहे.

आपला प्रेशर कुकर बघा. त्याच्या आत ठेवायचे डबे आपण कुठून आणतो? भांड्यांच्या दुकानातून, मापात बसतील ते. डब्यांवर कुकरच्या कंपनीचं नाव आहे की नाही, हे कुणी बघत नाही. पण गॅस्केट? सेफ्टी व्हॉल्व्ह? तिथे आपण दुकानदाराला ठणकावून सांगतो, "आमच्या कुकरचीच द्या, आणि आयएसआयचा शिक्का दाखवा." हे आपल्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. वाफ ज्याला अडवायची आहे तिथे तडजोड नाही आणि वाफेशी ज्याचा संबंध नाही तिथे नाव बघायचं नाही, इतका साधा हिशोब आहे. ही काटकसर झाली. सरसकट सगळं स्वस्त घेणं हा चिक्कूपणा, आणि सरसकट सगळं महाग घेणं हा धाक.

लेन्सच्या वऱ्हाडातल्या प्रत्येक पाहुण्याला हाच हिशोब लावायचा. तीन प्रश्न विचारायचे. या वस्तूतून उजेड आत जातो का? ही वस्तू लेन्सचं वजन पेलते का? ही वस्तू कॅमेरा आणि लेन्समधल्या विजेच्या जोडणीत येते का? तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तर खुशाल दुसऱ्या कंपनीचं, स्वस्तातलं घ्या. एकाचंही उत्तर "हो" आलं तर थांबा, तपासा, आणि दर्जाचं घ्या. दर्जाचं म्हणजे लेन्सवर जे नाव आहे तेच असलं पाहिजे, असंही नाही. ते पुढे सांगते.

आधी सोप्या गोष्टी. पुढचं झाकण हरवणं हा तर फोटोग्राफरचा धर्मच! खाडीत पडतं, वाळूत जातं, लग्नात कुणाच्या तरी पायाखाली येतं. शे-दोनशे रुपयांत मिळणारं झाकण इथे अगदी चालतं. दोन घेऊन ठेवा. फक्त माप चुकवू नका. लेन्सच्या पुढच्या कडेवर एक वर्तुळ आणि त्यावर तिरकी रेघ असं चिन्ह असतं, त्याच्या पुढे ४९, ५८, ६७, ७७ असा आकडा असतो. ते झाकणाचं आणि फिल्टरचं माप. लेन्सचं नाव ज्या आकड्यानं घेतो तो वेगळा. कॅननची ईएफ ५० मिमीची, छोटी, लोकप्रिय १.८ एसटीएम लेन्स घ्या. ती "पन्नासची" म्हणून झाकण पन्नासचं मागाल तर फसाल, कारण तिचं माप ४९ आहे. मागचं झाकणही स्वस्तातलं चालतं, पण ते घट्ट बसतं ना, आणि फिरवताना प्लॅस्टिकचा भुगा पडत नाही ना, एवढं बोटानं तपासून घ्या. तो भुगा लेन्समधून कॅमेऱ्याच्या आत जातो.

दुसरी वस्तू हूड. दुपारी लांबचं बघताना आपण कपाळावर आडवा हात धरतो ना, तसा हा लेन्सच्या कपाळावरचा हात. आडून येणारा उजेड तो अडवतो, त्यामुळे फोटो पांढुरका पडत नाही. आमचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलाय. संध्याकाळी सूर्य समुद्रावरच असतो आणि गिऱ्हाइकाला फोटो नेमका तेव्हाच हवा असतो. म्हणजे हूडचं काम आमच्याकडे रोजचं. शिवाय लेन्स कुठे आपटली तर आधी हूड मार खातं. पण यातून उजेड आत जात नाही, उलट हे उजेड अडवतं. त्याला वजन पेलायचं नाही, विजेशी संबंध नाही. मग प्लॅस्टिकच्या या कड्याला हजार-दोन हजार कशाला? कॅननच्या महागड्या एल मालिकेतल्या लेन्सबरोबर हूड येतं, पण साध्या लेन्सना ते सहसा वेगळं विकत घ्यावं लागतं. प्रत्येक हूडला एक क्रमांक असतो. मघाशी सांगितलेल्या पन्नासच्या लेन्सचं हूड ईएस-६८. तोच क्रमांक सांगून दुसऱ्या कंपन्यांची हूडं मिळतात, आणि किमतीत निम्म्याहून जास्त फरक पडतो. जेजेसी नावाची कंपनी तर अशाच वस्तू बनवते.

इथे परीक्षा एकच. हूड लावून, लेन्स झूमची असेल तर सगळ्यांत रुंद करून, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा. चारही कोपरे सारखे उजळ दिसले तर हूड पास. कोपरे काळवंडले तर ते तुमच्या लेन्सचं नाही. रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सची हूडं फुलाच्या पाकळ्यांसारखी कापलेली असतात ती याचसाठी. बसतं म्हणून कुठलंही लावायचं नाही. दुसऱ्याची चप्पल पायात बसली म्हणून ती आपली होत नाही.

आता या वऱ्हाडातले मामा, म्हणजे फिल्टर. सगळ्यांत जास्त आग्रह यांचाच. लेन्स विकतानाच दुकानदार एक यूव्ही फिल्टर हातात ठेवतो, "असू द्या मॅडम, प्रोटेक्शनला." पूर्वी फिल्मच्या काळात अतिनील किरणांमुळे दूरचं दृश्य निळसर धूसर यायचं, त्यासाठी हा फिल्टर होता. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोर तशी व्यवस्था आधीच असते. म्हणजे आता याचं काम फक्त राखणदाराचं. आमच्याकडे राखणदार लागतो, हे मी मान्य करते. वारा सुटला की किनाऱ्यावर खारे तुषार आणि बारीक वाळू थेट काचेवर येते. दत्ताच्या यात्रेत धूळ आणि गुलाल असतो. पण लक्षात घ्या, हा राखणदार थेट उजेडाच्या वाटेत उभा असतो. लेन्समधून येणारा कणन् कण उजेड आधी याच्यातून जातो.

साध्या, कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. दोन बाजू, म्हणजे ८ टक्के गेला. नुसता गेला असता तरी चाललं असतं, पण तो लेन्सच्या काचांवरून पुन्हा उसळतो आणि फोटोत भलतीकडेच उमटतो. मांडवातली बल्बांची माळ, निरांजन, समोरचा सूर्य असं काही असलं की चित्रात उलट्या बाजूला हिरवट भुतासारखे ठिपके दिसतात. नवरीच्या गालावर असा ठिपका आला, तर सांगायचं काय? लाखाच्या लेन्ससमोर दीडशे रुपयांची काच ठेवणं म्हणजे उत्तम बासमतीला खाऱ्या विहिरीचं पाणी घालणं.

म्हणून फिल्टर घ्यायचा तर कोटिंगवालाच. होया, केन्को, बी प्लस डब्ल्यू ही यातली जुनी नावं, आणि यांची ओळख कॅमेऱ्यांसाठी नाही, फिल्टरसाठी आहे. म्हणजे बघा, "दुसऱ्या कंपनीचं" आणि "हलकं" हे दोन शब्द एकच नव्हेत. लेन्सचंच उदाहरण घ्या ना. सिग्मा आणि टॅमरॉन या जपानी कंपन्या दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांना बसतील अशा लेन्स वर्षानुवर्षं बनवत आल्या. एके काळी त्यांना "परवडत नाही म्हणून" घेतलं जाई. आज मुरलेले व्यावसायिक फोटोग्राफर त्या वापरतात.

फिल्टर दुकानात कसा पारखायचा? साडीची जर पारखतो तसाच, उजेडात धरून. ट्यूबलाइटखाली फिल्टर तिरका धरा. त्यात ट्यूबचं प्रतिबिंब लख्ख पांढरं दिसलं तर काचेवर कोटिंग नाही. मंद हिरवट, जांभळट दिसलं तर कोटिंग आहे. मग हळूच कलता करा. प्रतिबिंब सरळ सरकलं तर काच सपाट, नागमोडी झालं तर परत द्या. शेवटी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि कागद पिवळट दिसतो का बघा. ही परीक्षा द्यायला एक मिनिट लागतं आणि दुकानदाराचा आवाजही जरा खाली येतो. घरी आल्यावर भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवून एक फोटो फिल्टर लावून, एक काढून असे घ्या आणि अक्षरं मोठी करून बघा. समोर दिवा किंवा सूर्य असेल तेव्हा उत्तम फिल्टरसुद्धा काढून ठेवावा. काम झालं की पुन्हा लावावा.

पाण्याची आणि पानांची चकाकी कमी करणारा पोलरायझर मात्र पावसाळी कोकणात खरोखर उपयोगी आहे. ओल्या माडाची झावळी, खाडीचं पाणी यांचे रंग त्यानं खुलतात. तो महाग असतो आणि प्रत्येक लेन्सच्या मापाचा वेगळा घ्यायचा तर दिवाळं निघेल. इथे आपली खरी काटकसर चालवायची. सगळ्यांत मोठ्या लेन्सच्या मापाचा, समजा ७७ चा, एकच चांगला फिल्टर घ्यायचा, आणि बाकी लेन्सना तो बसवायला स्टेप-अप रिंगा आणायच्या. ही नुसती धातूची कडी असते, आत काच नाही, त्यामुळे स्वस्तातली चालते. एवढंच की रिंग लावली की त्या लेन्सचं हूड बसत नाही, तेव्हा सावलीला हात धरावा लागतो. सोबत कुणी असेल तर छत्री.

दुसरा प्रश्न वजनाचा. लग्नात वापरतात ती ७०-२०० ची मोठी लेन्स दीड किलोच्या आसपास भरते. ती ट्रायपॉडवर उभी राहते ती कडीच्या जिवावर. गळ्यात असते ती पट्ट्याच्या जिवावर. इथे तीनशे रुपये वाचवून लाख रुपये टांगणीला लावायचे का? नवी कडी दुसऱ्या कंपनीची घ्या, हरकत नाही, चांगल्या असतात. पण धातूची घ्या, स्क्रू पूर्ण आवळला की कडी लेन्सवर तसूभरही सरकता कामा नये. आणि पहिली चाचणी घरी, गादीवर. पट्ट्याची शिवण ओढून बघा. कडी आणि पट्टा हे झोपाळ्याच्या कड्यांसारखे असतात. झोपाळ्याची फळी कुठलीही लावू, पण कड्या बघून घेतो ना आपण?

तिसरा प्रश्न विजेचा. आजकाल जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायला ॲडॉप्टर लागतो. त्यात छोट्या पितळी टाचण्यांसारख्या जोडण्या असतात आणि लेन्स-कॅमेऱ्याचं सगळं बोलणं त्यांतून चालतं. स्वस्त ॲडॉप्टर ढिला असला तर लग्न ऐन मुहूर्तावर असताना लेन्स मुकी होते. मुहूर्त परत येत नाही. जवळून फोटो काढायच्या एक्स्टेन्शन ट्यूबचंही तसंच. बचत गटाच्या दागिन्यांचे, सुपारीच्या फुलाचे फोटो काढायला ही ट्यूब फार कामाची. आत काच नसते, नुसती पोकळी, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची बिनधास्त घ्यावी, पण विजेच्या जोडण्या असलेली. जोडण्या नसलेली अगदी स्वस्त ट्यूब आजच्या बहुतेक लेन्सना लावली तर आत येणारा उजेड कमी-जास्त करता येत नाही. मग ती पडून राहते.

आता आमच्या किनाऱ्याचा खास मुद्दा. पुण्या-मुंबईची माणसं फिल्टर-हूडवर तासन्‌तास बोलतील, पण चौलमध्ये लेन्सचा पहिला शत्रू म्हणजे दमट हवा. पापड मऊ पडतात, मीठ पाणावतं, चामड्याच्या पर्सला बुरशी येते. हीच बुरशी लेन्सच्या आत, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. ती वाढली तर कोटिंग खाते आणि मग साफ केली तरी डाग उरतो. अंधार, कोंदट हवा आणि ओल मिळाली की तिचं फावतं. म्हणजे जिवापाड जपून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलेली लेन्स सगळ्यांत जास्त धोक्यात. सोनं लॉकरमध्ये सुरक्षित, लेन्स नाही. तिला उजेड दाखवावा लागतो, हाताळावं लागतं. वाडीतल्या त्या मुलीला मी पहिलं हेच सांगितलं, की फिल्टर नसला तरी चालेल, पण पेटी उघड.

यावर बाजारात ड्राय कॅबिनेट म्हणून विजेवर चालणारं कपाट मिळतं. चांगलं असतं. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा माड-सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, तीही ऐन पावसाच्या तोंडावर. वीज गेली की ते कपाट नुसतं कपाट. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा, रबरी पट्टीचा प्लॅस्टिकचा मोठा डबा आणि सिलिका जेल. हे सगळ्यांत स्वस्त जोडसामान आहे, आणि माझ्या मते आमच्याकडे सगळ्यांत गरजेचं. निळ्या दाण्यांचं घेण्यापेक्षा नारंगी दाण्यांचं घ्या, कारण निळ्यातलं रसायन घातक असतं. नारंगी दाणे ओल धरून हिरवट झाले, की वेगळ्या ठेवलेल्या जुन्या कढईत मंद आचेवर परतून, झाकून गार करून पुन्हा वापरता येतात. ती कढई मग स्वयंपाकात नको. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. तांदळाचा भुसा सांध्यांत शिरतो. कापूर, डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसू शकते. आणि स्पंजचा पाऊच प्रवासापुरता. घरी आल्यावर त्यातून लेन्स बाहेर.

डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, तीन-चारशेत मिळतो. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. अगदी कोरडं ठणठणीतही नको. स्वस्तातला मापक खरं सांगतो की खोटं? त्याची परीक्षा मिठाच्या डब्यात आहे! बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओलं होईल एवढंच पाणी घाला, आणि ते व मापक एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. ओल्या मिठाशेजारच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा पक्का शास्त्रीय नियम आहे. सकाळी मापक ७० दाखवत असेल, तर तो पाच कमी सांगतो असं डब्यावर लिहून ठेवा. झालं! स्वस्त वस्तूचा दोष कळला की ती वापरता येते.

पुसण्याबद्दलही तेच. रबरी ब्लोअर आणि मऊ मायक्रोफायबर कापड कुठल्याही चांगल्या दुकानातलं चालतं. पण क्रम महत्त्वाचा. किनाऱ्यावरून आलात की आधी हवा मारून वाळू-मिठाचे कण उडवा, मगच कापड लावा. पदरानं तर नकोच नको. पदरात हळद-तिखटापासून जरीपर्यंत काय काय असतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

एक फरक मात्र डोळ्यांत तेल घालून करायचा. दुसऱ्या कंपनीची वस्तू वेगळी आणि डुप्लिकेट वस्तू वेगळी. पहिली स्वतःच्या नावानं, आपल्या किमतीत उभी असते. दुसरी मोठ्या कंपनीचं नाव चोरून लावते आणि किमतही जवळपास तिचीच घेते. पहिलीला मान द्या, दुसरीला दारातूनच घालवा. बिल घ्या, ऑनलाइन घेतलं तर परत करायची मुदत बघून घ्या आणि त्या मुदतीतच सगळ्या परीक्षा उरका. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. आपल्यासाठी म्हणजे अलिबागला. मुंबईला खेटे नकोत.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढं तांत्रिक बायकांना कशाला? त्यांना मी सरस्वतीबाई फाळक्यांची आठवण करून देते. १९१२ साली दादासाहेबांनी लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मिळवलं. त्या खटाटोपात सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. पण त्या दागिने देऊन बाजूला बसल्या नाहीत. अंधारात फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं त्यांनी केलं. ऊन परतवायला पांढऱ्या चादरी धरून त्या तासन्‌तास उभ्या राहिल्या, असंही त्यांच्याबद्दल सांगतात. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. बघा, भोकं एक केसभर चुकली तर चित्र पडद्यावर नाचेल, म्हणून यंत्र विलायती. उजेड परतवायला मात्र घरातली चादर! कुठे पैसे घालायचे आणि कुठे चादर धरायची, हे त्या घराला तेव्हाच कळलं होतं.

म्हणून माझं म्हणणं दोन टोकांना आहे. एक, दुकानदाराच्या धाकानं झाकणा-पाऊचावर पैसे उधळू नका. आणि दुसरं, जे मला जास्त जिव्हाळ्याचं आहे. आपल्या घरांत काटकसर बहुधा बाईच्या वस्तूपासून सुरू होते. मुलाच्या मोटारसायकलला टायर कंपनीचा लागतो, आणि मुलीच्या लेन्सला फिल्टर "चालेल की स्वस्तातला". शिलाई मशीन असो, पार्लरची कात्री असो की लेन्स, बाई ज्या हत्यारावर पोट भरते त्याला घरात अजून "तिची हौस" म्हणतात, आणि हौसेला पैसे शेवटी उरले तर मिळतात. लाखाची लेन्स घेतली हे धाडस झालं. पण उजेडाच्या, वजनाच्या आणि विजेच्या जागी योग्य वस्तू घ्यायला पैसे मागणं, हाही त्या धाडसाचाच भाग आहे. तो हट्ट करा. झाकणावर वाचवलेले हजार रुपये घरच्यांना मोजून दाखवा आणि ते फिल्टरला लावा. हिशोब तोंडपाठ असलेल्या बाईला नाही म्हणणं कुणालाही जड जातं.

आणि चौल तर एके काळचं मोठं बंदर. ग्रीक-रोमन लेखकांनी त्याचं नाव नोंदवलं, पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितीन इथे उतरला. बाहेरून आलेला माल पारखून घेणं, कुठला ठेवायचा आणि कुठला परत पाठवायचा ते ठरवणं, हे या गावाच्या रक्तातच असणार. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "मॅडम, ओरिजिनलच घ्या," किंवा "मॅडम, सगळं सारखंच असतं," तर शांतपणे तीन प्रश्न विचारा. उजेड? वजन? वीज? आणि मग पर्स उघडा. किंवा बंद करा.